नव्वद दिवसांपुरता डोळा

दात्याचा कॉर्निया ज्या डोळ्यात वारंवार टिकत नाही, त्यासाठीच्या ‘बोस्टन’ कृत्रिम कॉर्नियाला अमेरिकेत १९९२ साली मान्यता मिळाली. तेथील ‘मेडिकेअर’ या सरकारी विम्यात शस्त्रवैद्याच्या शुल्कातच पुढील ९० दिवसांची देखभाल धरलेली असते. डोळ्याची निगा मात्र आमरण चालते: रोजचे प्रतिजैविक थेंब, संरक्षक लेन्स, काचबिंदूची तपासणी. थेंबांसाठी औषधांचा विमा निराळा. तपासणीच्या मान्य शुल्कातील २० टक्के वाटा पूरक विमा नसलेल्या रुग्णाच्या माथी. परवडत नाहीत म्हणून थेंब थांबले, तर जंतुसंसर्गाने डोळाच गमावण्याची भीती. रोपणावर मोठा खर्च करून थेंबांपाशी हात आखडणे, ही सार्वजनिक पैशाची उधळपट्टीच होय. आजन्म निगेचा खर्च रोपणाच्याच खर्चात धरला गेला पाहिजे.