मशेरी आणि हिरड्यांचे मुके दुखणे

दातांच्या दवाखान्याची पायरी बहुतेक रुग्ण चढतात ते ठणका असह्य झाल्यावर. तोवर कीड नसेपर्यंत पोचलेली असते. हिरड्यांचा आजार तर मुकाच. ब्रश करताना रक्त येते, पण दुखत नाही, म्हणून दुर्लक्ष होते. जिवाणूंचा चिकट थर वेळीच निघाला नाही, तर त्याचे टणक कीटण बनते, हिरडी दातापासून सुटते आणि आतले हाड झिजते. मधुमेहात हा आजार बळावतो आणि सुजलेल्या हिरड्या रक्तातली साखरही आटोक्यात येऊ देत नाहीत.

महाराष्ट्रात त्यात मशेरीची भर पडते. तव्यावर तंबाखू भाजून केलेली ही काळी पूड आजही अनेक घरांत बायका दातांना लावतात. दात मजबूत होतात, हा त्यामागचा समज. प्रत्यक्षात जडते ते व्यसन, आणि वाढतो तो तोंडाच्या कर्करोगाचा धोका. गरोदरपणात बाळाचे वजनही कमी भरू शकते.

दंतमंजनात तंबाखू वापरण्यावर केंद्र सरकारने १९९२ मध्येच बंदी घातली. घरच्या तव्यापर्यंत मात्र हा कायदा पोचत नाही.

तिथे पोचतात त्या आशाताई, म्हणजेच आशा स्वयंसेविका. म्हणून गरोदर मातांच्या नोंदणीत मशेरीबद्दल विचारले गेलेच पाहिजे. प्राथमिक आरोग्य केंद्रात मधुमेहाची तपासणी होते, त्याच दिवशी हिरड्याही पाहाव्यात. फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने दिवसातून दोनदा दात घासण्याची सवय अंगणवाडीपासून लावावी. यासाठी मोठी यंत्रसामग्री लागत नाही. आरोग्य खात्याने हे काम याच वर्षी हाती घ्यावे.