९९ वर्षांची चुकीची वेळ

प्राचीन रोमन लोक सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या काळाचे १२ समान भाग करीत. त्यामुळे त्यांचा तास भर उन्हाळ्यात सुमारे ७५ मिनिटांचा, तर ऐन हिवाळ्यात ४५ मिनिटांचा भरे. न्यायालय, स्नान, भोजन हे सारे याच तासांवर चाले.

इ. स. पूर्व २६३ मध्ये रोमनांनी सिसिली बेटावरील कॅटानिया जिंकले, तेथील छायाघड्याळ लुटून आणले आणि रोमच्या चौकात उभारले. पण कॅटानियाचा अक्षांश ३७.५ अंश, रोमचा सुमारे ४२! घड्याळावरील रेषा रोमच्या सावलीशी जुळणार कशा? तरीही लोक ९९ वर्षे त्यावरच वेळ पाहत राहिले, असे रोमन लेखक प्लिनी सांगतो.

त्यांना हसण्यापूर्वी आपली प्रयोगवही उघडा. उत्तर पुस्तकाशी जुळावे म्हणून आपण निरीक्षणे बदलतो, तेव्हा आपणही दुसऱ्या गावच्या रेषांवर वेळ पाहत असतो. माझ्या मते शिक्षकांनी गुण कापावेत ते न घेतलेल्या मापाचे. न जुळलेल्या उत्तराचे नव्हे.

उद्या शाळेच्या अंगणात एक काठी सरळ रोवा. तिची सर्वांत आखूड सावली किती वाजता पडते, ते स्वतः पाहून लिहा. बाराच वाजले असतील, असे धरून चालू नका!