हिरवा दिवा पेटलाय म्हणून...

दोन स्विच जोडताना बिनधास्त 'मोड ऑन' लिहून मोकळे होणारे लोक माझ्या डोक्यात जातात. त्या यादीत पहिला नंबर माझाच लागतो, म्हणून जरा हक्काने लिहितोय.

आधी थोडक्यात प्रकरण काय ते सांगतो. (नेटवर्कवाल्यांनी हा परिच्छेद गाळला तरी चालेल.) दोन स्विचमध्ये एक केबल पुरेना म्हणून दुसरी टाकली की लूप होतो. तो टाळायला स्पॅनिंग ट्री दुसरी केबल बंद करून ठेवतं. म्हणजे पैसे दोन केबलचे, काम एकीचं! यावर उपाय म्हणजे लिंक अॅग्रिगेशन. दोन्ही केबलची मोळी बांधायची आणि स्विचला सांगायचं, बाबा रे, ही एकच समज. मोळी बांधायच्या पद्धती दोन. 'ऑन'मध्ये दोन्ही टोकांना हाताने लिहून टाकायचं, पुढे कोणी कोणाला काही विचारत नाही. एलएसीपीमध्ये मात्र दोन्ही स्विच प्रत्येक केबलवरून एकमेकांना खुशालीची पत्रं पाठवत राहतात. हे काही नवीन खूळ नाही. आयईईईच्या ८०२.३एडी मानकात ते २००० साली आलं आणि २००८ मध्ये ८०२.१एएक्समध्ये गेलं.

तर, आमच्या ऑफिसच्या दोन इमारती. मध्ये फायबरच्या दोन लिंक, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर. मी 'ऑन' लिहिलं, दिवे हिरवे झाले, घरी गेलो. वर्षभर सगळं सुरळीत.

मग एका महिनाअखेरच्या शनिवारी अकाउंट्सच्या मॅडमचा फोन. "सर्व्हर लागत नाहीये हो, पगाराची फाईल आजच जायला हवी." मी जाऊन त्यांच्याच टेबलावर माझा लॅपटॉप लावला. पिंग झकास! म्हटलं, मॅडम, नेटवर्क ठीक आहे, तुमच्या पीसीचाच प्रॉब्लेम आहे. पीसी रीस्टार्ट केला, केबल बदलली, शेवटी विंडोजसुद्धा नव्याने टाकलं. छे! शेजारच्या पीसीवर मात्र सगळं व्यवस्थित. मॅडम बिचाऱ्या म्हणाल्या, "माझंच काहीतरी चुकलं असेल." हे वाक्य अजून टोचतं.

संध्याकाळी सहाला वैतागून कागदावर आयपी लिहून काढले. चालणारे एकीकडे, न चालणारे दुसरीकडे. न चालणाऱ्या सगळ्यांचा शेवटचा आकडा विषम! तेव्हा कुठे ट्यूब पेटली.

मोळीतला स्विच प्रत्येक संभाषणासाठी एक केबल ठरवतो. पॅकेट्सचा क्रम बिघडू नये म्हणून ते संभाषण त्याच केबलवर ठेवतो. (म्हणूनच एक-एक गिगाबिटच्या दोन केबल बांधूनही एकच फाईल कॉपी करताना दोन गिगाबिट मिळत नाहीत.) आमचा स्विच केबल ठरवायचा ती दोन्हीकडच्या आयपीच्या शेवटच्या बिटांवरून. दुसऱ्या लिंकची एकाच दिशेची फायबर तुटली होती. पण स्विचला दिसत होता फक्त कन्व्हर्टर, आणि कन्व्हर्टरचा दिवा हिरवागार. त्यामुळे स्विच विषम आकडेवाल्यांची उत्तरं इमानेइतबारे खड्ड्यात टाकत होता. विंडोज बदलून आयपी थोडाच बदलतो! दोन्ही टोकांचे ते पोर्ट बंद केले आणि मॅडमची फाईल साडेसहाला गेली.

एलएसीपी असतं तर? पत्रं तीस सेकंदांनी जातात, तीन चुकली की ती केबल बाद. म्हणजे फार तर दीड मिनिट, आणि जलद मोडमध्ये तीन सेकंद. 'तुझी पत्रं येत नाहीत' हे समोरच्यालाही कळतं, त्यामुळे तोही त्या केबलवर काही टाकत नाही. माझा अख्खा शनिवार आणि मॅडमचा मनस्ताप, दोन्ही वाचलं असतं.

'ऑन'वाल्यांचं म्हणणं मला माहीत आहे. लगेच चालू होतं, कटकट नाही. एलएसीपीत दोन्ही टोकं पॅसिव्ह ठेवली तर दोघं 'आधी तुम्ही बोला' म्हणत गप्प बसतात आणि मोळी बांधलीच जात नाही. मान्य. पण ती चूक पहिल्याच दिवशी समोर येते. 'ऑन'ची चूक वर्षभर दबा धरून बसते आणि नेमकी महिनाअखेरीला उठते. समोरच्या यंत्राला एलएसीपी येतच नसेल तर नाइलाज आहे, 'ऑन' लिहा. केवळ आळसापायी लिहू नका. दोन्ही बाजूंना 'अॅक्टिव्ह' लिहा, मग एक केबल काढून बघा, आणि मगच घरी जा.

आणि हो, कोणी 'माझं चालत नाहीये' म्हटलं तर 'माझं तर चालतंय' हे उत्तर होत नाही. मोळीत दोन केबल असतात. तुम्ही चांगलीवर असाल.

सोमवारी मॅडमना जाऊन सांगितलं, चूक माझी होती. त्या हसल्या, म्हणाल्या, "मग माझ्या पीसीतली गाणी परत आणून द्या." विंडोज टाकताना तीही गेली होती... असो. अजून शोधतोय.