देवगडला जा, पण पाणी पाहायला

आमच्या पांढुर्णा-सौंसर भागातील मराठी घरांत राजेपण नागपूरच्या भोसल्यांपासून सुरू होते. शाळेची सहलही दरवर्षी नागपूरच्या महाराजबागेत. ती एके काळची भोसल्यांचीच बाग. परंतु १७०२ साली नागपूर वसविणारा गोंड राजा बख्त बुलंद शाह याची राजधानी आमच्या शेजारी, मोहखेडकडच्या जंगलात, देवगडला होती, हे मराठी माध्यमात दहा वर्षे काढूनही माझ्या कानावर कधी आले नाही.

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो असता आम्ही चार मित्र देवगड पाहून आलो. नगारखाना, बादल महाल, मशीद, मोतीटाके ही ठिकाणे ओळखू येतात. बाकी पडझडच अधिक. कन्नड विभागाच्या ज्या वाचकांनी कित्तूरचा पडका वाडा पाहिला असेल, त्यांना कल्पना येईल. इथे मात्र भोवती डोंगर आणि साग.

देवगडच्या जाटबा राजापाशी दोन हजार स्वार, पन्नास हजार पायदळ आणि शंभरावर हत्ती होते, असे ‘ऐन-इ-अकबरी’त नमूद आहे. मी वाणिज्य शाखेचा, म्हणून मला पहिला प्रश्न पडला तो खर्चाचा, आणि त्यातही पाण्याचा. उत्तर गडाखालच्या शिवारात मिळते. ‘आठशे बावड्या, नऊशे विहिरी’ असे लोक सांगतात. आकडा फुगलेला असेल. बावड्या मात्र खऱ्या आहेत. अलीकडच्या वर्षांत रोजगार हमीच्या कामातून त्यांतल्या काहींचा गाळ उपसून दुरुस्ती करण्यात आली.

आणि येणारे लोक विचारतात काय, तर भुयार! देवगडाहून थेट नागपूरपर्यंत म्हणे. सरळ रेषेत ऐंशी-नव्वद किलोमीटरची ती खोदाई राजाच्या कारकुनाने कोणत्या खात्यावर टाकली असेल, देव जाणे. असो.

माझ्या गावात संत्र्याच्या बागेसाठी कर्ज काढून बोअर आणखी खोल नेतात. अशा मुलखात आपल्या पोरांना भुयाराच्या गोष्टीपेक्षा बावडीची पायरी दाखविणे अधिक गरजेचे आहे. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला, देवगड छिंदवाड्यातच राहिले; म्हणून ते परके होत नाही. आमच्या शाळांनी एक सहल तिकडे न्यावी. सोबत दोर आणि मोजपट्टी घ्यावी. जायचे ते दिवाळीत नको, चैत्रात. कोणत्या बावडीत तेव्हा किती हात पाणी उरते, ते मुलांनीच मोजून वहीत लिहावे.