बाबांकडून आलेलं कोलेस्टेरॉल



पोळी-भात सोडून सहा महिने झाले तेव्हा माझं वजन नऊ किलोने उतरलं होतं. सकाळी बटरमध्ये परतलेली तीन अंडी, दुपारी पनीर, रात्री चिकन आणि वर सढळ हाताने तूप. कोणी विचारलं की लो-कार्बवर अर्धा तास लेक्चर द्यायचो. वार्षिक तपासणीला तर ऐटीतच गेलो.

रिपोर्ट आला. ट्रायग्लिसराइड्स २१० वरून ९५, साखर उत्तम. आणि एलडीएल २६८! आदल्या वर्षी २०५ होतं, तेव्हा "बसून काम, बाहेरचं खाणं" म्हणून सोडून दिलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी डाएटचं नंतर विचारलं. पहिला प्रश्न, "वडिलांना काय झालं होतं?" बाबा ४७ व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले. मी तेव्हा बारावीत होतो.

या आजाराचं नाव फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया. साधारण अडीचशे माणसांत एकाला असतो. रक्तातलं एलडीएल उचलायला लिव्हरवर रिसेप्टर असतात. ते ब्राऊन आणि गोल्डस्टीन या जोडीने डॅलसमध्ये शोधले आणि १९८५ चं नोबेल मिळवलं. माझ्या डोक्यात ते असं बसलं: आमच्या गावात घंटागाड्या निम्म्याच, त्यामुळे कचरा जन्मापासून साठतोय. त्यात तूप-बटर-चीजमधलं सॅच्युरेटेड फॅट उरलेल्या गाड्याही कमी करतं. म्हणजे चूक भात सोडण्याची नव्हती, त्याच्या जागी काय आणलं त्याची होती.

मग तूप, बटर, चीज बंद. ऑलिव्ह तेल, बदाम, टोफू, मासे, मेथी-भेंडी, वाटीभर मटकीची उसळ आणि रात्री इसबगोल सुरू. तीन महिन्यांत एलडीएल २०० वर आलं आणि तिथेच अडलं. उरलेल्या कामाला स्टॅटिनच लागलं. "एकदा गोळी लागली की जन्मभर" या भीतीने मी महिनाभर टाळलं, खोटं कशाला बोलू? ही गोळी लिव्हरमध्ये कोलेस्टेरॉल बनणं कमी करते, मग लिव्हर जास्त घंटागाड्या रस्त्यावर आणतं. आता आकडा ९२ आहे. पोळी अजून एकच.

पण खरी गोष्ट फोनवर घडली. बाबा गेले ते खाण्यापिण्याने, हे आमच्याकडे वीस वर्षं ठरलेलं. आईला सगळं समजावून सांगितलं. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "म्हणजे मी वरणावर तूप वाढायचे, त्याने नव्हे ना रे?"

नाही गं आई. मूळ दोष जन्मापासूनचा होता. त्या काळी कोणी तपासलं असतं तर कदाचित... असो.

हा दोष आईवडिलांपैकी एकाकडे असला तर प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी, नाणेफेकच. पुण्यातला धाकटा भाऊ "बघू रे, दिवाळीनंतर" म्हणतोय. माझी लेक सात वर्षांची आहे, गुरुवारी तिचं रक्त तपासायचंय. सुईला घाबरते, म्हणून अजून तिला सांगितलेलं नाही.

तुमच्या घरात कोणी पुरुष पंचावन्नच्या आत किंवा बाई पासष्टच्या आत हार्ट अटॅकने गेली असेल, किंवा तुमचं एलडीएल १९० च्या वर असेल, तर डाएटचा वाद नंतर घाला. आधी डॉक्टरांना घराण्याची हकीकत सांगा आणि भावंडांना फोन करा.