डोकं आमचं, वस्तरा कुणाचा?

माझा बाप पांढरकवड्यात वारला तेव्हा मला रडायला सवड मिळाली नाही. आधी डोक्याचा निकाल लावायचा होता. तिसऱ्या दिवशी काकानं न्हावी आणून अंगणात बसवला. 'बस बे खाली.' मी म्हटलं, नाही. 'अबे, बाप मेला तुया! लोक काय म्हनतीन?'

कोणते लोक, मित्रांनो? भिंतीवर बुद्ध, शेजारी बाबासाहेब आणि अंगणात वस्तरा! १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांतली सहावी श्राद्ध-पिंडदान धुडकावते. काका दरवर्षी दीक्षाभूमीवर जाऊन ती घडाघडा म्हणतो. घरात मयत झाली की विसरतो.

माझ्या आज्याच्या डोक्याला गावचा न्हावी हात लावत नव्हता. म्हैस भादरायचा, महार नाही. बाबासाहेबांच्या घरीही तीच गत. साताऱ्यात न्हावी होते, द्यायला पैसेही होते, पण पोरांचे केस कापायची थोरली बहीण. जिवंतपणी ज्या धर्माला आमचं डोकं विटाळाचं, त्याच धर्माचं सुतक फेडायला आम्ही तेच डोकं पुढं करायचं?

न्हाव्याचा दोष नाही. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं न्हाव्यांनी ठरवलं, विधवांची डोकी भादरणार नाही. ज्यांचं पोट वस्तऱ्यावर, त्यांनी वस्तरा खाली ठेवला. आम्हाला तर नुसतं डोकं मागं घ्यायचं आहे, तेही जमत नाही!

आमच्या गावावरून नागपूर-हैदराबाद रस्ता जातो. त्याच रस्त्यानं आमच्यातलेही गाड्या भरून तिरुपतीला जातात. नोकरी लागली राखीव जागेवर, केस बालाजीला! देवस्थान त्या केसांचा लिलाव करतं, कोट्यवधी कमावतं. भक्ताच्या हातात उरतो लाडू.

काकानं शेवटचा पत्ता टाकला, 'मंग भंतेजी काहून भादरतेत?' सवाल खरा आहे. भिक्खू आपल्या मर्जीनं घर सोडतो, म्हणून केस सोडतो. मेलेल्याला वर पोचवायला नाही. (आमच्यातल्या काहींनी श्रामणेर शिबिराचाही नवस करून टाकलाय. त्यावर पुढं कधी भांडू.)

तेवढ्यात माय आतून आली. 'माया सासऱ्याले न्हावी शिवत नव्हता. आता आन्ला कशाले?'

न्हावी बिचारा पेटी उचलून गेला. त्याचे पैसे मी दिले. तेरवी आम्ही केली नाही, आणि काका अजून आमच्या घरचं पाणी पीत नाही.