आजीचं बी.पी. आणि लोणारची चढण



बुलडाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर पाहिलंय ना? सव्वाशे मीटरहून खोल विवर! उतरताना मजा वाटते. वर चढताना मात्र छाती धडधडते, दम लागतो. असं का बरं होतं?

चढताना पायांच्या स्नायूंना जास्त प्राणवायू लागतो. फुप्फुसं भराभर हवा आत घेतात आणि हृदय तो प्राणवायू रक्तातून पायांपर्यंत पोचवतं. स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसाचं हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त ढकलतं. जोराच्या श्रमात तेच १५ ते २० लिटरपर्यंत जातं!

आता खरा प्रश्न. पुष्कळ घरांत आजीला किंवा आजोबांना 'बी.पी.' असतं. दवाखान्यात मोजलेला दाब पुन्हा पुन्हा १४०/९० किंवा त्याहून जास्त आला, तर तो उच्च रक्तदाब. अशा वेळी हृदयाला रक्त जास्त जोर लावून ढकलावं लागतं. मग आपण मायेनं म्हणतो, "आजी, तू बसूनच राहा. दम लागेल."

पण बसून राहिल्यानं आजीचा तोटाच होतो! चालताना दाबाचा वरचा आकडा वाढतो खरा. पण चालून झाल्यावर काही तास तो नेहमीपेक्षा खाली राहू शकतो. नेम ठेवला, तर काही आठवड्यांत रक्तवाहिन्या सैलावतात आणि हा आकडा सरासरी ५ ते ८ नं उतरतो. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं. बसल्या जागी मिनिटाला ८० ठोके पडत होते, ते ७० झाले तर तासाला किती वाचले? करा हिशोब. ६००! फुप्फुसं काही मोठी होत नाहीत. पण स्नायू प्राणवायू नीट वापरायला शिकतात, म्हणून धाप कमी लागते.

मात्र लोणारची चढण पहिल्याच दिवशी नको हं! आधी डॉक्टरांना विचारायचं. मग सपाट रस्त्यावर थोडं थोडं वाढवत रोज अर्धा तास, आठवड्यातून ५ दिवस. चालता चालता गप्पा मारता याव्यात, गाणं म्हणता येऊ नये, एवढाच वेग. श्वास रोखून जड ओझं उचलायचं नाही. छातीत दुखलं किंवा चक्कर आली, तर तिथंच थांबून लगेच डॉक्टरांना गाठायचं. आणि गोळ्या? त्या आपल्या मनानं मुळीच बंद करायच्या नाहीत.

आजीला एकटीनं चालायचा कंटाळा येतो. मग सोबतीला कोण जाणार, सांगा पाहू?